इंग्रजी शिकवायचं परदेशात, पण शिकायचं कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजी विषय घेऊन एम.ए. झालेली, एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर किंवा खासगी क्लासमध्ये दोन-चार वर्षं शिकवत असलेली कितीतरी मुलंमुली आज आपल्या गावागावांत आहेत. पगार बेताचा आणि कायम नोकरीची खात्री नाही. अशा वेळी एखादी जाहिरात नजरेला पडते. 'चार आठवड्यांत इंग्रजीचे शिक्षक व्हा आणि जग पाहा!' खाली प्रागमधला जुना पूल, बार्सिलोनाचा समुद्रकिनारा, नाहीतर थायलंडमधल्या चियांग मायचं एखादं देऊळ. मग घरात चर्चा सुरू होते. वडील मुदत ठेव मोडायची तयारी दाखवतात, आई जेवणाखाण्याची काळजी करते आणि मुलगी विचारते, "यातलं कोणतं गाव निवडू?"

मित्रहो, आज आपल्याला या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे. प्रश्न योग्य आहे, पण तो सोडवताना क्रम बदलावा लागतो. 'मी कुठे शिकू?' हे ठरवण्याआधी 'मी कुठे शिकवणार?' हे ठरवावं लागतं, आणि त्याच्याही आधी 'माझ्या हातातल्या पासपोर्टवर मला कुठे शिकवू देतील?' हे पाहावं लागतं. जाहिरातीत हा तिसरा प्रश्न सहसा नसतो. जाहिरात लिहिणाऱ्यासमोर बहुधा अमेरिकन किंवा ब्रिटिश तरुण असतो. आपण ती वाचतो आणि आपल्यालाही तेच लागू आहे असं धरून चालतो. पैशांचं आणि वेळेचं नुकसान होतं ते इथे.

चार आठवड्यांत काय शिकवतात?

आधी हा अभ्यासक्रम असतो कसा, ते पाहू. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने 1953 साली स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात इंग्रजीची एक शाळा काढली. पुढे ते लंडनला आले आणि त्यातून 'इंटरनॅशनल हाउस' ही संस्था उभी राहिली. इंग्रजी येणारी माणसं भरपूर, पण इंग्रजी शिकवता येणारी माणसं मिळत नाहीत, ही त्यांची अडचण होती. म्हणून 1962 मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा एक छोटा वर्ग सुरू केला. त्यातली मुख्य कल्पना साधी होती. व्याख्यानं ऐकून कोणी शिक्षक होत नाही. पहिल्या आठवड्यातच खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं करायचं, मागे अनुभवी शिक्षक बसवायचा आणि तास संपल्यावर काय जमलं, काय फसलं याची चर्चा करायची. आजचे नावाजलेले अभ्यासक्रम याच वाटेने आले आहेत.

त्यांतले दोन सर्वांत परिचित. एक केंब्रिजचा 'सेल्टा' आणि दुसरा ट्रिनिटी कॉलेज लंडनचा 'सर्ट टेसॉल'. सेल्टामध्ये किमान 120 तासांचं शिक्षण असतं, ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात 130 तासांचं. दोन्हींत प्रत्यक्ष वर्गात सहा तास शिकवावं लागतं आणि त्या सहा तासांवर तुमचं मूल्यमापन होतं. सहा तास ऐकायला कमी वाटतात, पण ते चाळीस-पन्नास मिनिटांच्या तुकड्यांत विभागलेले असतात आणि एकेका तुकडीच्या तयारीत रात्री जातात. सेल्टामध्ये याखेरीज अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहायचे असतात आणि चार लेखी निबंध लिहायचे असतात. ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात एक सुंदर भाग आहे. तुम्हाला अजिबात न येणारी एक भाषा काही तास शिकवतात, आणि तीही त्याच भाषेतून. पहिल्या बाकावर बसून काही कळत नाही तेव्हा विद्यार्थ्याला काय वाटतं, हे शिक्षकाला पुन्हा आठवावं यासाठी.

पूर्णवेळ केला तर हा अभ्यासक्रम चार ते पाच आठवड्यांत संपतो. अर्धवेळ केला तर काही महिने लागतात. पण जगातल्या कुठल्याही मान्यताप्राप्त केंद्रात केला तरी सेल्टा हा सेल्टाच असतो. लंडनमध्ये केलेला सेल्टा वरचा आणि हॅनॉयमध्ये केलेला खालचा, असं प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. प्रत्येक तुकडीसाठी बाहेरचा परीक्षक येऊन केंद्राचं काम तपासतो. तेव्हा 'लंडनचं प्रमाणपत्र म्हणजे वजनदार' या समजुतीपायी दुप्पट खर्च करायचं कारण नाही.

'120 तास' या शब्दांची गंमत

आता एका सापळ्याविषयी. अनेक देशांत नोकरी देणारे '120 तासांचं प्रमाणपत्र' मागतात. हा आकडा बाजारात इतका रुजला आहे की घरबसल्या संगणकावर पानं उलटून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवरही तो छापलेला असतो. ती काही हजार रुपयांत मिळतात, सणासुदीला तर सवलतीतही. पण त्यांतल्या बहुतेकांत विद्यार्थी नावाचं माणूसच नसतं. काठावर बसून पोहण्याची पुस्तकं वाचावीत, तसा तो प्रकार. व्हिसाच्या कागदपत्रांत एक रकाना भरण्यापुरता त्याचा कुठे उपयोग होईलही. पण तीस मुलांच्या वर्गात उभं राहिल्यावर तो कागद मदतीला येत नाही आणि चांगल्या संस्थेतल्या मुलाखतीतही टिकत नाही.

मग चांगलं केंद्र ओळखायचं कसं? एक खूण सांगतो. जिथे प्रवेश सहज मिळतो तिथे सावध व्हावं. सेल्टासाठी अर्ज केला की भाषेविषयीचे प्रश्न सोडवायला देतात, मग मुलाखत घेतात. तुमचं इंग्रजी युरोपीय मोजपट्टीवर 'सी वन'च्या वरच्या भागात किंवा 'सी टू' पातळीवर आहे की नाही, हे पाहतात. म्हणजे विचार स्पष्ट मांडता येणं, बारीक अर्थच्छटा कळणं आणि स्वतःची चूक स्वतःला ओळखता येणं. ज्या केंद्राला यातलं काहीही बघायचं नसतं आणि फक्त पैसे कधी भरता एवढंच विचारायचं असतं, त्याला तुमचं शिकणं महत्त्वाचं नसतं.

दुसरी खूण नावाची. 'टेफल' आणि 'टेसॉल' ही कुणा एका संस्थेची नावं नाहीत. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं, एवढाच त्यांचा अर्थ. कुणीही दुकान मांडून ते शब्द पाटीवर लिहू शकतं. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असं लिहिलेलं दिसलं तर ती मान्यता कुणी दिली, हे विचारावं. मान्यता देणारी संस्था आणि अभ्यासक्रम चालवणारी संस्था एकाच घरातल्या निघाल्या तर नमस्कार करून उठावं. केंब्रिज आणि ट्रिनिटी आपापल्या केंद्रांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर देतात. केंद्राच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता नाव त्या यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

पासपोर्टचा प्रश्न

आता मघाच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तो थोडा कडू आहे, पण टाळून चालणार नाही.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांना भरपूर मागणी असते. पण तिथल्या भाषाशिक्षकांच्या व्हिसासाठी साधारणपणे सातच देशांचे नागरिक धरले जातात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार 2010 मध्ये लागू झाला. त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांसाठी एक दार किलकिलं ठेवलं गेलं, पण त्यासाठी पदवीबरोबर शिक्षकाची पात्रता लागते. म्हणजे तिथे आपल्या उमेदवाराला चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा बी.एड.चा उपयोग अधिक.

चीनमध्ये परदेशी भाषाशिक्षकाने शक्यतो आपली मातृभाषाच शिकवावी, त्याच्याकडे पदवी असावी आणि दोन वर्षांचा अनुभव असावा, असं धोरण आहे. शिवाय जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. त्यामुळे परदेशी शिक्षकांना नोकऱ्या देणारे कितीतरी क्लास बंद पडले. त्याआधीच्या काळातल्या पगारांच्या सुरस कथा अजूनही सांगितल्या जातात. त्यांवर विसंबून बेत आखू नये.

जपानमध्ये शाळांत परभाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी आणखी एक अट घातली जाते. जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षांचं शिक्षण झालेलं असावं. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला ही अट अडवत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत सुवर्णपदक मिळवलेल्या मुलीला मात्र ती अडवू शकते. अन्याय आहे? आहे. पण हे टोकियोला जाऊन कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

युरोपचं चित्र वेगळं आहे. प्राग, बार्सिलोना, रोम ही प्रशिक्षणाची आवडती ठिकाणं आहेत. अभ्यासक्रम तिथे उत्तम होतो. पण आपण जातो अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर. त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि नोकरी करता येत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकाला तिथे परवान्याशिवाय काम करता येतं, आपल्याला येत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर, 2021 पासून, ब्रिटिश शिक्षकांनाही तिथे परवाना लागू लागला. म्हणजे कागदावर ते आणि आपण एका रांगेत आलो. पण संस्थाचालकाला परवान्याची खटपट नको असेल, तर तो त्या रांगेकडे न पाहता आयर्लंडच्या माणसाला घेतो. 'कोर्स संपताच नोकरीसाठी मदत' या वाक्यातली मदत कुणासाठी आहे, हे म्हणून विचारायचं. ब्रिटनमध्येही अभ्यागत म्हणून मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम करता येतो, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

मग दारं उघडी कुठे आहेत? थायलंड आणि व्हिएतनाम या देशांत इंग्रजी ही मातृभाषा नसलेले पुष्कळ शिक्षक काम करतात. थायलंडच्या शाळांत फिलिपिन्समधून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने दिसतात. पदवी लागते, इंग्रजीच्या परीक्षेतले गुण मागतात आणि शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी लागते. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी हे परवान्याच्या कागदांत येतं. एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून ऐकावी. एकाच शाळेत एकाच कामासाठी गोऱ्या शिक्षकाला जास्त आणि आशियाई शिक्षकाला कमी पगार देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे.

आखाती देशांत भारतीय शिक्षकांची परंपरा जुनी आहे. दुबई, मस्कत, कुवेत इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत मराठी शिक्षकही बरेच भेटतात. पण तिथे पहिला प्रश्न बी.एड.चा असतो. आपल्याकडे 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणून तरुणांना ते लांब वाटतं. शाळेत शिकवायचं असेल तर त्याला पर्याय नाही. सेल्टा हा मुख्यतः प्रौढांना भाषा शिकवण्याचा अभ्यासक्रम आहे, शालेय शिक्षकाची पदवी नव्हे. भूतानमध्ये आधुनिक शाळा इंग्रजी माध्यमातून सुरू झाल्या तेव्हापासून भारतीय शिक्षक तिथे गेलेले आहेत. मालदीवमध्येही ते आहेत. ही ठिकाणं जाहिरातीतल्या चित्रांत नसतात, म्हणून आपल्या मनातही येत नाहीत.

हे सर्व नियम बदलत असतात. म्हणून जिथे जायचं, त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर ते त्या-त्या वेळी पाहून घ्यावेत. केंद्राच्या विक्री प्रतिनिधीचा शब्द त्याला पर्याय नव्हे.

जिथे शिकवायचं तिथेच शिकावं का?

समजा, देश ठरला. हो ची मिन्ह सिटी म्हणा. मग प्रशिक्षणही तिथेच घ्यावं का? याचे फायदे खरे आहेत. सरावाच्या वर्गात बसणारे विद्यार्थी तिथलेच असतात. व्हिएतनामी माणूस इंग्रजी शब्दाच्या शेवटचं व्यंजन खाऊन टाकतो, जपानी माणसाचा 'र' आणि 'ल'मध्ये गोंधळ होतो, अरबी भाषेत 'प' नसल्याने तिथे 'पार्किंग'चं 'बार्किंग' होतं. स्पॅनिश माणूस 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणतो, अगदी आपल्या उत्तर भारतातल्या 'इस्कूल'सारखं. पुस्तकात हे वाचणं निराळं आणि वर्गात कानांनी ऐकणं निराळं. शिवाय संस्थाचालक उमेदवाराला समोर पाहून, नमुन्याचा तास घ्यायला लावून मग नोकरी देतात. तुम्ही त्या गावात असलात तर हे सोपं जातं.

हॉर्नबी यांचा शब्दकोश आपल्याकडे अनेक घरांत असतो. ए. एस. हॉर्नबी 1924 मध्ये जपानला इंग्रजी शिकवायला गेले. जपानी विद्यार्थी कुठे अडखळतात हे वर्षानुवर्षं पाहत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक कोश तयार केला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापला. क्रियापदामागून काय येतं, कोणतं नाम मोजता येतं, हे त्यात इतक्या बारकाईने दिलेलं आहे, ते समोरच्या मुलांच्या चुका पाहिल्यामुळे. शिकवण्याची जागा शिक्षकाला असं घडवते.

पण तोटेही खरे आहेत. अभ्यासक्रम अतिशय दमवणारा असतो. सकाळी वर्ग, दुपारी शिकवणं, रात्री तयारी. त्यात परका देश, परकं जेवण, भाडोत्री खोली. नापास होणारे थोडे, पण मध्येच सोडून जाणारे असतात. भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत. आणि नोकरीचा परवाना मिळवायला देशाबाहेर जाऊन पुन्हा यावं लागलं, तर तो खर्च वेगळा.

दुसरा मार्ग घरी राहून शिकण्याचा. साथीच्या काळात, 2020 पासून, केंब्रिजने सेल्टा पूर्णपणे ऑनलाइन करण्याची परवानगी दिली. यात आणि मघाच्या काही हजारांच्या प्रमाणपत्रात गोंधळ करू नये. इथेही खरे विद्यार्थी असतात, खरे सहा तास असतात, मागे बसणारा शिक्षकही असतो, फक्त वर्ग पडद्यावर असतो. विमानाचं भाडं आणि राहण्याचा खर्च वाचतो. उणीव एवढीच की खडू, फळा, बाकांमधून फिरणं, मागच्या रांगेतली कुजबुज ओळखणं हे पडद्यावर शिकता येत नाही. ज्याने इथे वर्गात दोन-तीन वर्षं शिकवलं आहे, त्याला ही उणीव फारशी जाणवणार नाही. ज्याने कधीच शिकवलं नाही, त्याने प्रत्यक्ष वर्ग असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा.

आणि तिसरा मार्ग आपल्या देशातला. हैदराबादला 1958 मध्ये इंग्रजी अध्यापनासाठी केंद्रीय संस्था सुरू झाली. तीच आज इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. इंग्रजी अध्यापनातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची तिथली परंपरा मोठी आहे. परदेशी भाषाशाळेला सेल्टाचं नाव पटकन कळतं हे खरं. पण विद्यापीठात किंवा महाविद्यालयात जायचं असेल, तर अध्यापनशास्त्रातली सखोल पदवी चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा पुढे नेते.

हिशेब वहीत मांडावा

पैशांचं बोलू. युरोपात किंवा ब्रिटनमध्ये पूर्णवेळ सेल्टाचं शुल्कच दीड-दोन लाखांच्या घरात जाऊ शकतं. लोक तिथेच हिशेब थांबवतात. त्याखाली आणखी ओळी लिहाव्या लागतात. व्हिसा आणि विमा. विमानाचं भाडं. पाच आठवड्यांचं राहणं-जेवण. इंग्रजीच्या परीक्षेचं शुल्क. पदवी प्रमाणपत्रावर राज्य शासनाचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घेण्याचा खर्च. ही शेवटची ओळ अनेक जण विसरतात आणि परक्या देशात पोहोचल्यावर मूळ कागद कुरियरने मुंबईला पाठवत बसतात. आणि सर्वांत मोठी ओळ म्हणजे अभ्यासक्रम संपल्यापासून पहिला पगार हाती येईपर्यंतचे दोन-तीन महिने.

दुसऱ्या पानावर अपेक्षित पगार लिहावा. तो तिथल्या चलनात न पाहता तिथलं घरभाडं आणि खाणंपिणं वजा करून पाहावा. आखातात राहण्याची जागा बऱ्याचदा नोकरीबरोबर मिळते, दक्षिण-पूर्व आशियात बहुधा मिळत नाही. शिल्लक रकमेतून केलेला खर्च किती महिन्यांत फिटतो, ते काढावं. दीड-दोन वर्षांत फिटत असेल तर विचार करावा. त्यासाठी घर गहाण ठेवावं लागत असेल तर ठेवू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण अशा वेळेसाठीच आहे.

केंद्राला पत्र लिहून चार प्रश्न विचारावेत. सरावासाठी येणारे विद्यार्थी खरे असतात की आम्हीच एकमेकांचे विद्यार्थी व्हायचं? एका गटात किती जण आणि मागे बसणारा शिक्षक किती अनुभवी? गेल्या वर्षी तुमच्याकडे भारतीय पासपोर्टवर किती जण शिकले आणि आज ते कुठे शिकवतात? आणि मध्येच अभ्यासक्रम सोडावा लागला तर पैशांचं काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं, तर तेच उत्तर समजावं.

आपली भाषा, आपलं भांडवल

आता शेवटचा आणि मनाला लागणारा मुद्दा. 'इंग्रजी ही ज्याची मातृभाषा, तोच चांगला शिक्षक' ही समजूत जगभर पसरलेली आहे. रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992 मध्ये 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम' या पुस्तकात तिला भ्रम म्हटलं. हंगेरीचे पीटर मेडजेस यांनी 1994 मध्ये परभाषक शिक्षकाच्या बलस्थानांवर पुस्तकच लिहिलं. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2006 मध्ये अशा भेदभावाविरुद्ध ठराव मांडला. समजूत अजून गेलेली नाही, पण तिला उत्तर देता येतं.

इंग्रजीतलं 'द' हे उपपद घ्या. मराठीत ते नाही. थाई, जपानी, रशियन, चेक भाषांतही नाही. लंडनच्या माणसाला ते कुठे लावायचं हे बरोबर कळतं, पण का, असं विचारलं की तो बऱ्याचदा म्हणतो, "तसंच म्हणतात." आपण ते घाम गाळून शिकलेलो असतो, म्हणून ते सांगूही शकतो. 'मी त्याला काल पाहिलं आहे' असं आपण मराठीत सहज म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' असं चुकीचं वाक्य तोंडी येतं. जर्मन माणसाचीही चूक अगदी हीच असते. जो या खड्ड्यातून स्वतः वर आला आहे, त्याला दुसऱ्याला हात देता येतो.

मात्र खड्ड्यातून वर यायला हवं, हेही तितकंच खरं. 'व्हॅन' आणि 'वॉटर' आपण लिहिताना वेगळे लिहितो आणि बोलताना एकाच 'व'ने उरकतो. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे आपल्याकडे खपतं, बाहेर खटकतं. सेल्टाच्या मुलाखतीआधी आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा. गोऱ्या माणसाची नक्कल करायची नाही. उच्चार स्पष्ट आणि इतरांना कळणारे असावेत, एवढंच बघायचं.

आणि आपण या क्षेत्रात केवळ उमेदवार म्हणून उभे नाही, हेही ध्यानात ठेवावं. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि आसपासच्या दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम न सांगता मुलांना नकाशा वाचणं, वेळापत्रक लावणं अशी कामं द्यायची आणि ती करता करता इंग्रजी यायला लावायचं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1987 मध्ये आलं. आज प्राग आणि बार्सिलोनाच्या प्रशिक्षण केंद्रांत 'कार्याधारित अध्यापन' शिकवतात, त्यामागे हा आपल्याकडच्या बाकांवर झालेला प्रयोग आहे.

तेव्हा ज्या मुलामुलींच्या मनात हा विचार आहे, त्यांना माझं सांगणं असं. आधी सहा महिने इथेच शिकवा. रुग्णालयातल्या परिचारिका, दुकानातला कामगार, परदेशी सुनेशी बोलायला इंग्रजी शिकू पाहणाऱ्या आजी, असे चार प्रौढ विद्यार्थी गोळा करा आणि आठवड्यातून तीन दिवस त्यांचा वर्ग घ्या. त्यात मन रमलं तर वर सांगितलेला हिशेब मांडा, देश निवडा, त्या देशाचा नियम वाचा आणि मग अभ्यासक्रमाचं गाव ठरवा. मन रमलं नाही, तर बार्सिलोनाच्या किनाऱ्यावरही रमणार नाही. आणि ते कळायला ठेव मोडावी लागली नाही, एवढा फायदा तर झालाच.